मेंदूत साठलेलं तांबं बाहेर कसं काढतात?

विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबं साठत जाण्याचा जन्मजात आजार, निघालेल्या घरात एक प्रश्न हमखास येतो. मुलाचा हात थरथरत होता, जीभ जड झाली होती. तपासण्या झाल्या, मेंदूत तांबं साठल्याचं कळलं आणि ते बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामिनच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांत त्याला धड चालताही येईना. मग औषध चुकलं, की निदानच चुकलं? गोळ्या बंद करायच्या का? अशा वेळी बहुतेकदा निदान बरोबर असतं आणि औषधही बरोबर असतं. जपायला हवा तो डोस वाढवण्याचा वेग.

दुसरीकडे याच जातीची औषधं ‘शरीरातले जड धातू काढतो’ असं सांगून सलाईनमधून विकली जातात. एकाच जातीच्या औषधांनी एका माणसाचा जीव वाचतो आणि दुसऱ्याचा जाऊही शकतो. हे कसं होतं, ते समजून घ्यायचं तर सुरुवात शरीरातल्या तांब्यापासून करायला हवी.

तांबं येतं कुठून, जातं कुठून

तांबं हे काही विष नाही. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ०.९ मिलिग्रॅम तांबं लागतंच, आणि रोजच्या जेवणातून एक ते दोन मिलिग्रॅम सहज मिळतं. आतड्यातून शोषलेलं तांबं यकृतात जातं. यकृत त्यातलं थोडं सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या प्रथिनात बसवून रक्तात सोडतं आणि उरलेलं पित्तातून आतड्यात टाकतं, म्हणजे ते शौचावाटे बाहेर जातं. ही दोन्ही कामं एटीपी-७-बी नावाचं एकच प्रथिन करतं. त्याचं जनुक १३व्या गुणसूत्रावर असतं. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही सदोष जनुक आलं तर हे प्रथिन काम करत नाही. साधारण ३०,००० माणसांत एकाला असं होतं. नात्यात लग्नं होतात, मामाची मुलगी केली जाते, अशा घराण्यांत ही शक्यता वाढते.

घरातली मोरी तुंबली आणि नळ मात्र चालू राहिला, तशी ही अवस्था असते. पाणी आधी मोरीत भरतं आणि मग उंबऱ्यावरून घरात शिरतं. यकृत ही ती मोरी. कित्येक वर्षं ते तांबं साठवून घेतं, लहानपणी काही जाणवतही नाही. मग कुणाला कावीळ होते, कुणाच्या पोटात पाणी होतं, आणि काहींच्या बाबतीत तांबं थेट मेंदूपर्यंत पोचतं.

मेंदूत त्याचा सर्वात जास्त मारा हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या खोलवरच्या भागांवर होतो. अक्षर बिघडतं, पेला धरताना हात कापतो, लाळ गळते, शब्द तुटक येतात, मान किंवा पाय वाकडा ओढला जातो. काही मुलांमध्ये यातलं काहीच आधी दिसत नाही. अभ्यासात घसरण होते, चिडचिड वाढते, विनाकारण हसू किंवा रडू येतं, आणि वर्ष-दीड वर्ष मानसोपचारातच जातं. शाळकरी वयात किंवा कॉलेजात असताना हात कापू लागला, बोलणं बिघडलं, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून सोडून देण्याआधी तांब्याची तपासणी व्हायलाच हवी. फार मोजक्या मेंदूविकारांवर मुळावर चालणारं औषध आहे, आणि हा त्यातला एक आहे.

रिपोर्टमध्ये तर तांबं कमी आलंय!

इथे भलेभले गोंधळतात. आजार तांबं जास्त झाल्याचा, आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये तांब्यापुढे ‘कमी’ असा शेरा. त्याचं असं आहे की निरोगी माणसाच्या रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिनमध्ये बांधलेलं असतं. विल्सनमध्ये ते प्रथिनच कमी पडतं, म्हणून एकूण आकडा खाली येतो. त्रास देतं ते बांधलं न गेलेलं, मोकळं तांबं. त्याचा अंदाज एका सोप्या गणिताने काढतात: रक्तातलं एकूण तांबं (मायक्रोग्रॅममध्ये) वजा सेरुलोप्लाझ्मिन (मिलिग्रॅममध्ये) गुणिले ३.१५, दोन्ही प्रति डेसिलिटर. समजा एकूण तांबं ६० आणि सेरुलोप्लाझ्मिन ८ आलं. ८ गुणिले ३.१५ म्हणजे सुमारे २५. ६० मधून ते वजा केलं की ३५ उरतात. निरोगी माणसात हा आकडा १५ च्या आत असतो आणि उपचार न झालेल्या रुग्णात बहुधा २५ च्या वर.

सेरुलोप्लाझ्मिन साधारण २० ते ४० असायला हवं. १० च्या खाली आलं तर संशय बळावतो. डोळ्याचे डॉक्टर स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडं शोधतात. त्याला कायसर-फ्लायशर कडं म्हणतात. मेंदूची लक्षणं असलेल्या बहुतेक रुग्णांत ते सापडतं. आजार यकृतापुरता असेल तर जवळपास निम्म्यांमध्ये सापडतच नाही. जोडीला एमआरआय, जनुकाची तपासणी आणि कधी यकृताचा तुकडा.

चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं ही तपासणी सर्वात महत्त्वाची, आणि सर्वात जास्त चुका तिच्यातच होतात. लक्षणं असलेल्या रुग्णात हा आकडा बहुधा १०० मायक्रोग्रॅमच्या वर असतो; ४० च्या वर गेला तरी शंका घ्यावी लागते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. त्यानंतर दिवसभराची आणि रात्रीची सगळी लघवी लॅबने दिलेल्या डब्यात जमा करायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी त्यात घातली की डबा पूर्ण झाला. एकदाची जरी राहिली तरी आकडा फसवा येतो, म्हणून राहिली तर तसं सांगावं. डबा धातूचा अंश नसलेला, लॅबचाच हवा. घरातली बाटली किंवा तांब्या-लोटा मध्ये आणला तर भांड्याचंच तांबं मोजलं जातं.

चिलेशन म्हणजे काय, आणि ही औषधं आली कुठून

काही रेणू धातूच्या अणूला दोन-तीन बाजूंनी पकडतात आणि त्याच्यासह पाण्यात विरघळून राहतात. मूत्रपिंड अशी जोडी लघवीतून बाहेर टाकतं. या पकडण्याला चिलेशन म्हणतात. मोरी मोकळी होणार नसली, तरी दुसऱ्या दाराने पाणी उपसता येतं.

लंडनचे डॉक्टर सॅम्युअल किनिअर विल्सन यांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा तो जीवघेणाच होता. दुसऱ्या महायुद्धात आर्सेनिकयुक्त विषारी वायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्डमध्ये बाल नावाचं औषध तयार झालं. १९५१ च्या सुमारास ते विल्सनच्या रुग्णांना देऊन पाहिलं, आणि लघवीतून तांबं जाऊ लागलं. पण ते स्नायूत टोचावं लागे, इंजेक्शन फार दुखे आणि जन्मभर टोचत राहणं शक्य नव्हतं. पेनिसिलिन घेणाऱ्या रुग्णांच्या लघवीत सापडणारं पेनिसिलामिन तांब्याला पकडू शकेल, हे ब्रिटिश डॉक्टर जॉन वॉल्श यांनी ओळखलं. आधी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं आणि १९५६ मध्ये रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. तोंडाने घ्यायच्या गोळीवर हा आजार पहिल्यांदाच ताब्यात आला. पेनिसिलामिन न सोसणाऱ्यांसाठी पुढे त्यांनीच ट्रायएंटीन पुढे आणलं.

तिसरं औषध झिंक. ते तांबं उपसत नाही, नळ बारीक करतं. झिंकमुळे आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन हे प्रथिन वाढतं. ते अन्नातलं तांबं धरून ठेवतं, आणि पेशी झडल्या की शौचावाटे घेऊन जातं. हे काम संथ चालतं. म्हणून लक्षणं सुरू होण्याआधी निदान झालेल्यांना, किंवा उपसा होऊन स्थिर झालेल्यांना झिंक जास्त शोभतं.

औषध सुरू केल्यावर बिघडतं का?

तुंबलेल्या पाण्यात तळाशी गाळ असतो. जोराने उपसायला गेलं की तो ढवळून सगळीकडे पसरतो. यकृतात आणि इतरत्र बांधून पडलेलं तांबं औषधाने एकदम सुटतं, रक्तातलं मोकळं तांबं काही काळ वाढतं आणि त्यातलं थोडं मेंदूत जातं, असं यामागचं सर्वात पटणारं स्पष्टीकरण आहे. मेंदूची लक्षणं असलेल्या रुग्णांमध्ये सुरुवातीला बिघडण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अहवालांत दहा टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत दिलेलं आहे. काहींचं हे नुकसान भरून येत नाही, म्हणून ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे थोड्यापासून सुरुवात आणि सावकाश वाढ. मोठ्या माणसाचा पेनिसिलामिनचा पूर्ण डोस दिवसाला १,००० ते १,५०० मिलिग्रॅमपर्यंत जातो. पण मेंदूची लक्षणं असतील तर बरेच तज्ज्ञ दिवसाला १२५ किंवा २५० मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि कित्येक आठवडे घेऊन पायरीपायरीने वर नेतात. ‘एवढ्याशा गोळीने काय होणार’ म्हणून घरच्यांनी डोस वाढवू नये. बिघाड दिसला तर गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत आणि पुढच्या तारखेची वाटही पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. डोस कमी करणं, वाढ थांबवणं किंवा औषध बदलणं हे निर्णय त्यांना घेता येतात.

पहिल्या एक ते तीन आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, गाठी, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट्स कमी होणं हा पेनिसिलामिनचा वेगळा त्रास आहे, ती अॅलर्जी असते. लघवीतून प्रथिन जाणं, ल्युपससारखी सांधेदुखी, मानेवरची कातडी सैल पडणं हे उशिरा दिसतं. म्हणूनच सुरुवातीला वरचेवर रक्त-लघवी तपासतात. साधारण तीनातल्या एका रुग्णाला कधी ना कधी हे औषध सोडावं लागतं. ट्रायएंटीनचे त्रास त्या मानाने कमी, पण ते महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही.

गोळी घेण्याची रीत

पेनिसिलामिन जेवणासोबत घेतलं तर शोषण जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायचं. चहा-बिस्किटंही जेवणातच धरायची. लोहाची गोळी, अँटासिड, झिंक यांच्यातही काही तासांचं अंतर हवं, कारण रिकामा रेणू पोटातच त्या धातूला पकडून बसतो आणि तांब्यासाठी उरत नाही. पेनिसिलामिनमुळे बी-६ जीवनसत्त्व कमी पडतं, ते रोज २५ ते ५० मिलिग्रॅम जोडीला देतात. ट्रायएंटीनच्या नेहमीच्या कॅप्सूल फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात.

झिंकचा मोठ्यांचा डोस दिवसाला १५० मिलिग्रॅम, तीन भागांत, जेवणाआधी अर्धा तास. हा आकडा निव्वळ झिंकचा आहे, क्षाराचा नव्हे. २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटमध्ये झिंक असतं ५० मिलिग्रॅम. पाकिटावरचा मोठा आकडा पाहून एकाच गोळीवर थांबणारे रुग्ण असतात. सल्फेटने मळमळत असेल तर अॅसिटेट सोसतं.

बरं वाटतंय, मग किती वर्षं घ्यायची?

आयुष्यभर. मोरी दुरुस्त झालेली नाही, पाणी फक्त उपसलं जातंय. सुधारणा दिसायला काही महिने लागतात आणि ती दोन-तीन वर्षं होत राहते. मुंबईतल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये या आजारासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात यकृत, वागणं-बुद्धी, हालचाल आणि हाडं-स्नायू असे चारही पैलू मोजतात. अशा नोंदींवरून संथ सुधारणाही डोळ्यांसमोर राहते. औषध सोडलं तर काही महिन्यांत किंवा दोन-तीन वर्षांत यकृत अचानक निकामी होऊ शकतं, आणि मग प्रत्यारोपणाशिवाय मार्ग राहत नाही. गरोदरपणातही औषध थांबवत नाहीत, चिलेशनच्या औषधाचा डोस कमी करतात.

औषध नीट चाललंय का, ते पुन्हा लघवीच सांगते. पेनिसिलामिनवर पहिल्या महिन्यांत दिवसाला १,००० मायक्रोग्रॅमच्या वर तांबं जाणं चांगलं लक्षण आहे. पुढे ते २०० ते ५०० दरम्यान स्थिरावतं. २०० च्या खाली आलं तर दोन अर्थ निघतात. रक्तातलं मोकळं तांबं जास्त असेल तर गोळ्या चुकताहेत. ते ५ च्याही खाली असेल तर तांबं गरजेपेक्षा जास्त काढलं गेलंय, आणि त्यानेही रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात. झिंकवरच्या रुग्णात हिशेब उलटा, तिथे ७५ च्या खालचा आकडा हवा असतो.

तांब्याच्या भांड्यातलं पाणी चालेल?

विल्सनच्या रुग्णाला नाही. इतरांना साध्या पाण्याने सहसा काही होत नाही, पण ताक, लिंबू, चिंच, आमसूल तांब्या-पितळेत ठेवू नये. आपल्या आज्यांनी कल्हईचा हट्ट उगाच धरला नव्हता. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर लहान बाळांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा माग काढला. अंगावरचं दूध लवकर बंद होऊन वरचं दूध सुरू व्हायचं, ते पितळी भांड्यात तापवून ठेवलं जायचं आणि दुधातलं प्रथिन भांड्याचं तांबं ओढून घ्यायचं. विल्सनपेक्षा हा आजार वेगळा, तरी वेळेवर सुरू केलेल्या पेनिसिलामिनने त्यातलीही काही मुलं वाचली. बाळाच्या दुधातून पितळ हद्दपार झालं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

रुग्णाने पहिली एक-दोन वर्षं तरी कलेजी, कालवं-शिंपल्या, काजू, तीळ, चॉकलेट, अळंबी टाळावी. पण केवळ पथ्याने हा आजार आवरत नाही. गोळीला पर्याय म्हणून पथ्य धरू नये.

भावंडांची तपासणी

ती कुणी मागेपर्यंत थांबायचं नसतं. सख्ख्या भावंडात आजार असण्याची शक्यता चारात एक. रक्त, लघवी, डोळे आणि घरातल्या रुग्णाचं बदललेलं जनुक माहीत असेल तर त्याची थेट तपासणी. एक वर्षाखालच्या बाळात सेरुलोप्लाझ्मिन मुळातच कमी असतं, त्यावर निदान करता येत नाही. लक्षणं नसताना सापडलेलं भावंड औषध नियमित घेऊन शाळा, नोकरी, संसार सगळं करू शकतं. मोठ्याच्या मेंदूला जे झालं ते धाकट्याच्या बाबतीत टाळता येतं, आणि तरीही ही तपासणी राहून जाते.

मग पार्किन्सनमधलं लोहही काढून टाका की

हा विचार गंभीरपणे तपासला गेलाय. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या ठरावीक भागात लोह वाढलेलं दिसतं. डेफेरिप्रोन हे औषध मेंदूपर्यंत पोचून लोह पकडतं. १९९० च्या दशकात, वारंवार रक्त द्यावं लागून अंगात लोह साठणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांसाठी मुंबईच्या सिप्लाने ते भारतात आणलं होतं. २०२२ मध्ये ३७२ नव्या पार्किन्सन रुग्णांवरच्या ३६ आठवड्यांच्या चाचणीचा निकाल आला. औषधाने मेंदूतलं लोह कमी झालं, रुग्ण मात्र जास्त बिघडले. लक्षणांचे गुण औषधाच्या गटात १५.६ ने वाढले, औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्या गटात ६.३ ने. एक संभाव्य कारण असं की पार्किन्सनमध्ये कमी पडणारं डोपामिन हे मेंदूतलं रसायन तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लोह लागतंच, आणि त्या रुग्णांना डोपामिनचं औषध अजून सुरू नव्हतं. अल्झायमरमध्येही २०२४ ला प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत याच औषधाने स्मृतीची घसरण वाढली. पीकेएएन या दुर्मीळ आनुवंशिक आजारात, जिथे मेंदूत लोह स्पष्ट साठतं, तिथेही १८ महिन्यांत लोह उतरलं, पण लक्षणांत ठाम फरक सिद्ध झाला नाही.

साठलेला धातू आजाराचं मूळ असू शकतो, किंवा मरणाऱ्या पेशींचा नुसता मागमूस. विल्सनमध्ये तो मूळ आहे. जन्मजात दोषाने मँगनीज साठणाऱ्या एका विरळ आजारातही तसंच. तिथे दर महिन्याला काही दिवस शिरेतून औषध दिल्यावर काही मुलांची चाल सुधारली आहे. बाकी ठिकाणी हे आधी सिद्ध व्हायला हवं.

‘डिटॉक्स’चं सलाईन

आधी चिलेशनचं औषध द्यायचं, मग लघवी तपासायची आणि औषध न घेतलेल्या माणसांच्या आकड्यांशी तुलना करून ‘बघा किती शिसं निघालं’ असं दाखवायचं, ही या दुकानांची ठरलेली रीत. औषधाने कुणाचाही आकडा वाढतो. त्या रिपोर्टला अर्थ नाही. शिसं खरोखर वाढलेलं असेल तर शिरेतल्या रक्तात मोजलेला आकडाच धरायचा. मुलांत तो प्रति डेसिलिटर ४५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त असेल तर चिलेशन लागतं. २० ते ४४ च्या दरम्यान शिसं असलेल्या ७८० अमेरिकन मुलांवर चाचणी झाली; २००१ च्या निष्कर्षात रक्तातलं शिसं उतरलं होतं, बुद्धीत मात्र फरक नव्हता. तिथे शिशाचा उगम शोधून तो बंद करणं हाच उपचार.

स्वमग्न मुलांना ‘पारा काढायला’ चिलेशन देतात, त्याने फायदा होत असल्याचा पुरावा नाही. २००५ मध्ये अमेरिकेत असं सलाईन लावलेला पाच वर्षांचा मुलगा हृदय थांबून गेला. त्याला दिलं होतं डायसोडियम ईडीटीए. शिशाच्या विषबाधेत वापरतात ते कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. नावात फरक एका शब्दाचा, पण पहिलं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि ते अचानक घटलं की हृदय बंद पडतं. कुणी सलाईन सुचवलं तर कोणता धातू, कोणत्या तपासणीत, औषध देण्याआधी मोजलेला किती, आणि बाटलीवर कोणत्या क्षाराचं नाव आहे, हे लेखी मागून घ्या. ते मिळत नसेल तर सुई टोचू देऊ नका.